देवकूच्या अंगणातली तोफ

धडाम! आवाज झाला, न्हाव्याचा हात हलला आणि धारराव राजांची अर्धी मिशी वस्तऱ्याबरोबर खाली आली!

राजे ताडकन उठले. "कुणी वाजवली तोफ? किल्ल्यावरून?"

"नाही सरकार," कारभारी त्रिंबकपंत चाचरत म्हणाले. "खाली कोळीवाड्यात देवकू राहते, तिच्या अंगणातून. हातभर तोफ आहे, पण घसा मोठा! धुकं पडलं की ती वाजवते. त्या आवाजावर होड्यांना खाडीचं तोंड सापडतं."

"घरात तोफ? जप्त करा!"

"करता येत नाही, सरकार. तिचा सासरा आपल्या आरमारात गोलंदाज होता. तोफ घरी ठेवावी, वाजवावी, कुणी हरकत घेऊ नये, अशी थोरल्या महाराजांची सनद आहे."

वडिलांचा शब्द मोडवेना आणि मिशीचं दुःख सोसवेना! राजे हट्टाला पेटले. देवकूला बोलावणं गेलं.

ती पदर खोचून तशीच आली. राजांनी शेल्याने तोंड झाकून घेतलं होतं.

"बाई, तोफ तुझीच. पण आजपासून कायदा ऐक. धुकं असेल आणि होड्या बाहेर असतील, तेव्हाच वाजवायची. आवाज होड्यांपर्यंत गेला पाहिजे. पण त्या आवाजाने आम्ही दचकता कामा नये! दचकलो, की तोफ सरकारजमा!"

दरबारात खसखस पिकली. होड्या लांब समुद्रात आणि राजवाडा कोळीवाड्याच्या डोक्यावर! आवाज तिकडे पोचायचा, तर वाटेत राजांच्या कानात शिरल्यावाचून कसा राहणार?

"जशी आज्ञा," एवढंच बोलून देवकू घरी आली.

"तोफेच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंब," नवरा हिरू म्हणाला. "आवाज दबेल."

"दबेल तर! मग तुझी होडी खडकावर आपटल्याचाच आवाज येईल मला!"

हिरू डोकं खाजवत जाळं घेऊन निघाला. कायद्यातून वाट काही सापडेना.

आणि एका पहाटे धुकं उतरलं. उजाडलं तरी हटेना. समोरचा माड दिसेना. हिरूची होडी बाहेर, गावच्याही होड्या बाहेर. बायका अंगणात धावत आल्या.

"देवकू, बत्ती दे गं!"

तिने दारू ठासली, बत्ती पेटवली आणि हात थांबला. आज बार काढला की तोफ जाणार. मग पुढल्या धुक्यात काय करायचं? आणि नाही काढला तर आज काय होणार? हातातल्या बत्तीकडे ती बघत राहिली. अगं बाई! इतकी वर्षं मी या तोफेच्या शेजारी उभी राहते, मग मी कशी नाही दचकत?

"ही धर!" म्हणत तिने बत्ती शेजारणीच्या हातात दिली आणि धावत राजवाडा गाठला. राजे दुधाचा पेला तोंडाला लावत होते.

"सरकार, उठा! चला!"

"कुठे?"

"कायदा पाळायला! आपण इथं बसून राहिलात तर तो मोडेल!"

"बाई, शुद्धीवर आहेस का?" पंत ओरडले.

"पंत, होड्या धुक्यात आहेत. खडक काही आपल्यासाठी बाजूला सरत नाहीत!"

राजांना राग आला, पण रागापेक्षा कुतूहल मोठं! पेला ठेवून ते निघाले. मागून पंत धापा टाकत आले. अंगणात पोचताच देवकूने बत्ती राजांच्या हातात दिली.

"या भोकाला लावा आणि बाजूला व्हा!"

धडाम! पंत मटकन खाली बसले. माडावरचे कावळे उडाले. राजे मात्र जागचे हलले नाहीत. डोळे चमकत होते!

"दचकलात, सरकार?"

"आम्ही? छट्!"

"तर काय! बत्ती देणारा कधी दचकतो का?"

तेवढ्यात धुक्यातून हाळी आली, "होऽऽ!" देवकूने पुन्हा दारू ठासली, राजांनी पुन्हा बत्ती दिली. एकेक होडी धुक्यातून बाहेर येऊ लागली. हिरूची काही येईना. देवकूचा जीव टांगणीला लागला. आणखी एक बार झाला, आणि खडकाला अगदी चाटून हिरूची होडी खाडीत शिरली! देवकू अंगणातच बसली.

राजे मात्र रंगात आले होते. "देवकू, ऊठ! भर तोफ! आणखी एक बार काढू!"

"नाही सरकार."

"का नाही?"

"होड्या सगळ्या आल्या. आता वाजवणं गुन्हा आहे!"

"गुन्हा? कुणी केला असला कायदा?"

"आपणच की, सरकार!"

राजे असे खो खो हसले की किनाऱ्यावरचे कोळी हातातली जाळी खाली टाकून बघायला आले. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून देवकूच्या हातावर ठेवलं.

"पंत, उठा आता! हिच्या तोफेला लागेल तेवढी दारू सरकारी कोठारातून द्या. आणि धुकं पडलं की आम्हाला उठवायला माणूस पाठवा!"