रापणीचा वाटा

नदीकाठच्या तिन्ही शहरांनी नदीतून समुद्रात येणारे आपापले नाले आवरावेत, म्हणून तिथल्या नगराध्यक्षांची किनाऱ्यावर बैठक भरली होती. गावच्या रापणीत वाटे घालणाऱ्या शेवंताबाई कुबलांना कसलीच आशा नव्हती.

त्यांतले एक नगराध्यक्ष दळवी हसून म्हणाले, "समुद्रात गेलं ते सगळ्यांचं. आम्हालाच का धरता?" मग फोटोसाठी त्यांनी गावकऱ्यांबरोबर रापणीचं जाळंही ओढलं. वर आली मूठभर तारली मासळी आणि ढीगभर प्लास्टिक.

शेवंताबाईंनी वाटे घातले आणि काळ्या पाण्याने निथळणारी प्लास्टिकची एक पाटी दळवींपुढे ठेवली.

"हे काय?"

"रापणीच्या दोराक हात लावलो, की वाटो मिळता, सायबानू. 'सगळ्यांचा' तुम्हीच म्हटलास."

बाकीच्या दोन्ही नगराध्यक्षांनी हात पाठीमागे लपवले.

आपल्या वाट्याची तसलीच पाटी डोक्यावर घेऊन शेवंताबाई घराकडे निघाल्या. आज नुसती पेजच शिजणार होती.