नऊ सेकंदांची सरळ रेघ

माझी दिवंगत पत्नी इंदुमती हिने आजारपणात वाचलेल्या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण ध्वनिपुस्तकांच्या स्टुडिओत रेवती साफ करत होती; मी मागे बसून ऐकत होतो. ती अंध, सगळं काम कीबोर्डच्या शॉर्टकटवर. स्टुडिओचे संचालक उकिडवे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखाकडे बोट दाखवून गरजले, “इथे नऊ सेकंद नुसती सरळ रेघ आहे! रिकामी जागा तुला दिसतच नाही, तर कापणार कशी? उद्यापासून हे काम दुसऱ्याला देतो.”

रेवतीने दोन कळा दाबून आवाज वाढवला. खोलीत धाप ऐकू आली.

“साहेब, बाई इथे श्वास घेताहेत. तो कापला, तर पुढचं वाक्य त्या कशाच्या बळावर वाचणार?”

संचालक खुर्चीत बसले. “राहू दे. तूच पुरं कर.”

वाचन चालू असताना मी इंदुमतीच्या शेजारीच होतो, तिचे उच्चार तपासत. ही धाप मला ऐकू आली नव्हती, की मी ती ऐकून घेतलीच नव्हती?