हिरवे निघालेले निळे कापड

सूर्य उगवून बरोबर चार घटका झाल्या होत्या. त्या वेळी रोहणक रंगाऱ्याने पालथ्या घागरीवर पाय देऊन शेजारच्या भिंतीवरून डोके वर काढले, आणि तिथून सगळे सुरू झाले.

ही गोष्ट फार पूर्वीची. तगर नगरात सुयश नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्यांच्या गल्लीत, नीळ रंगवणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव भद्रिक. भिंतीच्या अलीकडे हा रोहणक राही. त्याचे काम लाल रंगाचे. मंजिष्ठेची मुळे कुटायची, कढईत उकळायची आणि तुरटीच्या पाण्यात भिजवलेले कापड त्यात सोडायचे. हाताला गुण होता. त्याने रंगवलेले वस्त्र धुऊन धुऊन विरले तरी रंग सोडत नसे. बायको सामा समंजस, तिच्या कडेवर आठ महिन्यांची लेक. एवढे असल्यावर माणसाला आणखी काय लागते?

पण रोहणकाचे डोळे सदा भिंतीपलीकडे. भद्रिकाच्या दारी गाय आली, तर याला जेवण गोड लागेना. भद्रिकाच्या घरी तांब्याचा नवा हंडा आला, तर याची झोप उडाली. खरे तर त्याच गाईचे तांब्याभर दूध रोज सकाळी रोहणकाच्या लेकीला येत असे. तरी तो म्हणे, "उरतंय म्हणून देतात. आपल्याकडे कधी उरायचं?"

"अहो, पोरीचे गाल बघा आणि गप्प बसा," सामा म्हणे.

त्यातच राजाच्या रथोत्सवासाठी निळ्या पताका रंगवायचे काम भद्रिकाला मिळाले. ते चोख झाले तर त्याला राजरंगारी म्हणून नेमणार होते, वर मोठ्या रस्त्यावर घर देणार होते. रोहणकाने मनातल्या मनात त्या घरात आपल्या कढया मांडल्या, ओसरीवर लेकीचा पाळणासुद्धा टांगला. घर भद्रिकाला मिळणार होते, एवढीच काय ती अडचण.

नीळ रंगवणाऱ्यांची एक रीत होती. रंगाचा रांजण जमिनीत पुरलेला असे. त्याचे झाकण काढायचे तर आधी अंगणाच्या दाराला पडदा लावायचा. सात पिढ्यांत कोणा परक्याने रांजणातून कापड बाहेर येताना पाहिले नव्हते. जावयालासुद्धा तेव्हा गल्लीत बसवत.

ते त्या दिवशी रोहणकाने पाहिले. भद्रिकाने पहिली पताका वर काढली, आणि ती निघाली हिरवी! हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखी पिवळट हिरवी.

मंजिष्ठेच्या कढईतून जो रंग निघतो तोच कायमचा. रोहणकाला जन्मात तेवढेच ठाऊक. "बिघडला! रांजण बिघडला!" असे पुटपुटत तो घागरीवरून उतरला, म्हणजे खरे तर घसरला, आणि तसाच पळत सुटला.

रंगाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, प्रमुख होता म्हातारा पुष्यदत्त. राजाचे काम वाटून देणे त्याच्याकडे असे. रोहणकाने भर बाजारात त्याला गाठले.

"आजोबा, चला लवकर! निळ्याच्या नावाखाली भद्रिकाने हिरवं काढलंय. राजाच्या कापडाचं वाटोळं झालं! ते काम मला द्या."

पुष्यदत्त काठी टेकत निघाला. मागून अर्धा बाजार निघाला. पडदा बाजूला सारून सगळे आत शिरले आणि बघतात तो काय, दोरीवर पताका झुलत होत्या. निळ्याभोर.

मग हशा पिकला.

"रोहणका, डोळ्यांत मंजिष्ठ गेली काय रे?"

"अरे, याला स्वतःची बायको तरी ओळखू येते का, विचारा!"

पण पुष्यदत्त हसला नाही. "श्रेणीचा नियम तुला माहीत आहे. दुसऱ्याच्या कामाला खोटी नावं ठेवणाऱ्यानं दिवस मावळायच्या आत गल्ली सोडायची."

रोहणकाने भिंतीपलीकडच्या आपल्या छपराकडे पाहिले. मोठ्या रस्त्यावरचे घर राहिले बाजूला, होते तेही चालले. गर्दीतून वाट काढत सामा आली, लेक कडेवर. तिचे डोळे भरले होते. "तरी मी सांगत होते, त्या घागरीवर चढू नका! आता हिला घेऊन कुठे जायचं?"

भद्रिकाने त्या मुलीकडे पाहिले. तिने आपला ओला हात निळ्या पताकेकडे लांबवला होता. भद्रिक पुढे आला.

"आजोबा, थांबा. रोहणकदादांनी जे पाहिलं तेच सांगितलं. कापड हिरवंच निघालं होतं."

"काय बोलतोस?"

भद्रिकाने सगळ्यांदेखत रांजणाचे झाकण काढले, एक पांढरी पताका आत सोडली, हलकेच दाबली आणि वर काढली. हिरवी! लोक पुढे सरकले. वारा लागला तशी ती कडेकडेने निळी होत गेली आणि बघता बघता सगळी निळी झाली. एका बाईने कौतुकाने टाळीच वाजवली.

पुष्यदत्ताने कपाळाला हात लावला. "वेड्या, सात पिढ्यांचं गुपित चव्हाट्यावर मांडलंस! उद्या जो तो नीळ रंगवील."

"रंगवू देत," भद्रिक म्हणाला. "मी गप्प बसलो असतो तर दादांचं घर गेलं असतं. मग आमच्या गाईचं दूध कोणाच्या लेकीला दिलं असतं?"

रोहणक खाली मान घालून म्हणाला, "भद्रिका, मी खोटं बोललो नाही, पण माझं मन खोटंच होतं. तुझं बिघडलं म्हणून मला आनंद झाला होता."

"मग तो आनंद वाया कशाला घालवता, दादा? पताकांना लाल काठ लावायचे माझ्या मनात आहे. असा लाल तुमच्यावाचून कोण देणार?"

निळ्या पताका लाल काठांनी सजून रथावर चढल्या. राजाने दोघांनाही राजरंगारी नेमले. मोठ्या रस्त्यावरचे घर मात्र दोघांनीही नको म्हटले. तिथे मधे भिंत नव्हती, आणि भिंतीवरून बोलायची आता दोघांच्या बायकांना सवय झाली होती.

दुधाला विरजण लावावे तसे भद्रिकाने आपल्या रांजणातले पाणी रोहणकाला दिले. नव्या रांजणाला आधी स्वस्थ राहू द्यावे लागते. पण रोहणक, झोपलेल्या बाळाचे पांघरूण आई दहादा उचलून बघते तसा, सारखा झाकण उचलून बघे. शेवटी सामा लेकीला मांडीवर घेऊन झाकणावरच बसली. तेव्हा कुठे नीळ धरली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही गोष्ट एका भिक्खूला सांगितली. सोबत्याला अंगावर घ्यायला नवे चीवर मिळाले म्हणून तो दोन दिवस धड जेवला नव्हता. गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा रोहणक तूच. सामा म्हणजे तुला दोन दिवस जेव जेव म्हणणारी ती वृद्ध भिक्खुणी. पुष्यदत्त म्हणजे विहाराचे भांडार पाहणारा उपासक. आणि भद्रिक तो मी." भिक्खू लाजून हसला, उठला आणि सोबत्याचे चीवर स्वतः वाळत घालून आला.

अशी ही मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला मित्रभाव, आणि तिच्या बरोबरीची मुदिता, म्हणजे दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून मनापासून होणारा आनंद.

वाचणाऱ्यांनो, एवढे करा. ही गोष्ट स्वतःपाशी ठेवू नका. घरात मुलांना सांगा, पण त्याआधी भिंतीपलीकडच्या घरी जाऊन सांगून या.