घुबडआजोबांचं नाव

एका टेकडीच्या कुशीत होतं इवलंसं गाव. गावाच्या कडेला राहायची सगुणा आणि तिची आई राही. आणि वेशीवरच्या उंबराच्या ढोलीत राहायचे म्हातारे घुबडआजोबा.

मायलेकी लोकांचं धान्य पाखडायच्या. दिवसभर पाखडावं, तेव्हा सूपभर दाणे हाती. त्याची भाकरी कधी अर्धी, कधी चतकोर.

घुबडआजोबा गावाच्या कणग्या राखायचे. उंदरानं दाण्याला तोंड लावायच्या आत आजोबा हजर! आणि गावानं त्यांना काय द्यावं? शिव्या! दूध नासलं, घुबड आलं होतं. पोर पडलं, घुबड बघत होतं. अगं बायांनो, चरवी घासली नाही तर दूध नासणारच की! पण बोलायचं कुणी? तिन्हीसांजेला तर त्यांचं नावही घ्यायचं नाही. घेतलं तर म्हणे घरात अवदसा शिरते!

एकदा पाटलीण ठकूबाईचं दूध नासलं. झालं! गावानं डबे बडवले, दगड भिरकावले. आजोबांचा पंख मोडला आणि ते धप्पकन सगुणाच्या पुढ्यात पडले. तिनं त्यांना परकराच्या ओच्यात घेतलं, घरी आणलं, पंखाला हळद लावली आणि कोंबडीच्या डालग्याखाली अलगद ठेवलं.

ठकूबाई दारात उभी. "राहे, ते अपशकुनी बाहेर टाक! नाहीतर आमच्या खळ्यावर पाय ठेवू नकोस."

सगुणा पुढं झाली. "काकू, पंख मोडलेल्याला कुठं टाकू? तुम्हीच सांगा."

"तोंड बघा केवढंसं, आणि बोलणं बघा!"

काम सुटलं. चूल गार पडली. तिकडं उंदरांची मात्र चंगळ! घरोघर कणग्यांना भोकं पडली.

तिसऱ्या दिवशी डालग्यातून आजोबा बोलले, "पोरी, आज सांज व्हायला आली की उंबराखाली जा. लोक म्हणतात, उंबराला फूल येत नाही. येतं. बघायला थांबतं कोण?"

सगुणा गेली. केशरी उजेडात एक कळी उमलली. सोन्याच्या पाकळ्या, चांदीचा देठ, आणि आत अंगठ्याएवढी परी! जाईच्या पाकळीचा झगा, पायात दवबिंदूंचे चिमुकले पैंजण.

"सगुणे, एक इच्छा माग. पण अंधार पडायच्या आत. आणि ज्याच्यासाठी मागशील त्याचं नाव चावडीवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं घ्यायचं."

पोटात आग पडली होती. आईसाठी भाकरी मागता आली असती. आईचं नाव घ्यायला कोण अडवणार होतं? पण सगुणा पळत सुटली ती थेट चावडीवर. तिथं गाव उंदरांच्या नावानं रडत बसलं होतं.

"माझ्या घुबडआजोबांचा पंख बरा होऊ दे!"

लोकांनी कानांवर हात ठेवले. "अगं गप! तिन्हीसांजा झाल्यात!"

"घुबडआजोबा! घुबडआजोबा! शंभरदा म्हणेन! त्यांनी तुमचे दाणे राखले, आणि तुम्ही त्यांना दगड मारता? लाज नाही वाटत?"

तोच पंखांची सळसळ झाली. आजोबा आले! सरळ ठकूबाईच्या घरात शिरले, आणि आतून उंदरांची रांगच रांग बाहेर पडली. शेपट्या वर करून सगळे वेशीपार! ठकूबाईनं आपली पोखरलेली कणगी पाहिली आणि मान खाली घातली.

"चुकलं गं माझं, सगुणे."

"मला काय सांगता, काकू? त्यांना सांगा!"

ठकूबाईनं हात जोडले. भर तिन्हीसांजेला, सगळ्या गावादेखत ती म्हणाली, "घुबडआजोबा, चुकलं माझं." अवदसा आली नाही हो कुणाकडं!

सगुणामागोमाग चावडीवर आलेली परी खुदकन हसली. "स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस. ते माझ्याकडं लागलं." ती गरकन फिरली, तिच्या झग्यातून रुपेरी चांदण्या उधळल्या, आणि लख्ख उजेडात ती विरून गेली.

सगुणा घरी आली तर कोपऱ्यातली त्यांची कणगी, जन्मात कधी न भरलेली, टपोऱ्या जोंधळ्यानं काठोकाठ भरलेली! राहीनं चंद्राएवढी भाकरी थापली. मायलेकींनी ती अख्खी खाल्ली, आणि पुन्हा कधी चतकोरावर भागवलं नाही.