उंबरमाळचा मुका दगड

उंबरमाळच्या चर्चमध्ये पाहुणे आले की आधी वर बघतात. वर बघण्यासारखं काही नाही. पत्रा आहे, आणि तोही पावसाळ्यात दोन ठिकाणी गळतो. बघायचं ते खाली. ही वेदी, हा तिच्यापुढचा कठडा, आणि डाव्या हाताला भिंतीशी हा काळा दगड. ताई, पर्स त्यावर ठेवू नका. राग मानू नका, पण ती बसायची जागा आहे. याला आम्ही मुका दगड म्हणतो. आधी दगड आला, भिंती त्याच्याभोवती मागून उभ्या राहिल्या.

मी बेंजामिन उबाळे. चर्चची किल्ली चाळीस वर्षं माझ्याकडं आहे. आमची मंडळी लूथरन, घरं एकूण एकोणीस. मोठ्या मंडळ्या सोडून एवढीशी माणसं या माळावर वेगळी का बसली, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. भांडखोर असाल, असंही काही जण तोंडावर म्हणतात. आहोतच थोडे. पण त्या भांडणाचं मूळ हा दगड आहे, आणि दगडाच्या मुळाशी एक बाई आहे.

तबिथा तिचं नाव. बाप्तिस्म्याआधीची ठकूबाई. मानमोडीचा ताप आला त्या सालची गोष्ट. तेव्हा घरटी एक माणूस गेलं असं सांगतात, पण तबिथाच्या घरातली नऊ दिवसांत चौघं गेली, नवरा आणि तीन लेकरं. धाकटीचा तर बाप्तिस्मा होऊन पंधराच दिवस झाले होते. खांदा द्यायला गावात धड उभं राहील असं माणूस नव्हतं. तिनंच एकेकाला आंघोळ घातली, तिनंच माती दिली. माझी आजी तिची शेजारीण. आजी म्हणायची, बाईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. लोकांना आधी वाटलं, धीराची आहे. मग महिना गेला, दुसरा गेला, आणि लोक तिला घाबरायला लागले. ती भाकरी थापायची, शेळीला पाला घालायची, आणि उरलेला दिवस विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसून काढायची. हाच तो दगड. बोलायची नाही. हाक मारली तर वळून बघायची, तेवढंच.

रविवार मात्र तिनं चुकवला नाही. तेव्हा गावात चर्च नव्हतं, सगळे तीन कोस चालत कसब्याच्या मोठ्या मंडळीत जायचे. त्या वर्षी तिथं एक बाहेरगावचे उपदेशक येऊन राहिले होते. वाणी फार गोड होती म्हणे त्यांची. तापानं खचलेल्या लोकांची मनं पुन्हा पेटवायची असं त्यांनी घेतलं आणि नियम केला, की प्रभुभोजन, म्हणजे वेदीवरची भाकर, घेणाऱ्यानं आधी उभं राहून साक्ष द्यायची. प्रभूनं आपल्या मनात काय केलं, आपल्याला आत काय वाटतंय, ते सांगायचं. लोक उभे राहायचे, सांगता सांगता रडायचे. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. ज्याला रडू येतं त्यानं खुशाल रडावं.

तबिथाची पाळी आली. ती उभी राहिली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मला काहीच वाटत नाही."

उपदेशक दुष्ट नव्हते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, की मन हलेपर्यंत थांब, घाई नको, आत ऊब आली की ये. आणि ताट तिला वगळून पुढं नेलं. प्रभुभोजन महिन्यातून एकदा व्हायचं. असं तीनदा झालं. दर खेपेला ती उभी राहायची, तेच म्हणायची आणि भाकर तिच्यापुढून निघून जायची. आजी म्हणायची, त्या बाईजवळ जगात तेवढं एकच उरलं होतं आणि तेही तिच्या हाती लागेना.

गावच्या शाळेत याकोब वाघचौरे नावाचे मास्तर होते. माणूस महाखट. लहानपणी नदीपलीकडच्या लूथरन शाळेत शिकलेले, तिथली धर्माची प्रश्नोत्तरं त्यांना तोंडपाठ, आणि गावाकडूनही त्यांनी ती पाठ करून घेतलेली. एक उत्तर चुकलं म्हणून सख्ख्या भावाशी वर्षभर बोलले नव्हते, असं सांगतात. म्हणून चौथ्या महिन्यात ते जागेवरून उठले तेव्हा लोकांना वाटलं, आता हे बाईला बाहेरच काढतात.

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. पोरांना विचारायचे त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "तबिथा, ही भाकर कुणासाठी मोडली?"

तिनं ताटाकडं बघितलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी."

"तसं वाटतं का तुला?" उपदेशकांनी विचारलं.

"वाटत नाही," ती म्हणाली. "तो म्हणतो."

मास्तर वळले आणि म्हणाले, "याहून जास्त मलाही येत नाही." ताई, आमचा विश्वास काय, असं तुम्ही मघाशी दारात विचारलंत ना? तो एवढाच आहे. तान्ह्या पोराला काही कळत नाही, तरी आम्ही त्याच्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालतो, कारण करणारा देव असतो, पोर नव्हे. भाकरीत प्रभूचं शरीर आहे, तेही तो म्हणाला म्हणून, आम्हाला तसं जाणवतं म्हणून नाही. आणि पापाची क्षमा कष्टानं मिळवता येत नाही तशी रडूनही मिळवता येत नाही, ती दिलेली असते. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वर्षं सांगतोय, पण मला स्वतःला ते त्या बाईच्या दोन शब्दांतच पटतं.

उपदेशकांनी नियम सोडला नाही. तेव्हा अकरा घरं उठली आणि तबिथाबरोबर बाहेर पडली. शाळा कसब्याच्या मंडळीची, म्हणून मास्तरांची नोकरी गेली. कसब्याच्या दफनभूमीत आपली माणसं पुरलेली, तिथं पुन्हा जागा मिळणार नव्हती. पुढच्या रविवारी सगळे या उघड्या माळावर जमले. तबिथा दुसरीकडं कुठं बसायची नाही, म्हणून विहिरीवरचा दगड पहारीनं उचकटून बैलगाडीत घातला. चढावर गाडीचा आख मोडला. तिथून पुढं दगड फुलासारखा हलका झाला, असं काही लोक सांगतात. काही हलका झाला नाही. माझ्या आजोबांची कंबर त्यात गेली ती कायमची.

दगड आला, माणसं आली, पण भाकर कोण देणार? लोक मास्तरांना म्हणाले, तुम्हीच द्या. मास्तर म्हणाले, मला ते काम कुणी सोपवलेलं नाही, मी पाळक नव्हे. हट्टी माणूस, ऐकलं नाही. नदीपलीकडं चिठ्ठी धाडली आणि वाट बघत बसले. चौदा महिने गेले. दर रविवारी वाचन व्हायचं, गाणी व्हायची, सगळे उभं राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारे ठरलेले शब्द, म्हणायचे, आणि तसेच घरी जायचे. त्या काळात दोन म्हातारी माणसं प्रभुभोजनावाचून गेली. तबिथाचं काय झालं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं, असं आजी म्हणायची.

शेवटी नदीपलीकडून लूथरन पाळक आले. वयानं थकलेले, गुडघ्यांनी अधू. त्यांनी एकेकाला समोर घेऊन विश्वासाचं सगळं विचारलं. तबिथाला विचारलं, तर ती बोलेना. तेव्हा अकराही घरं उठली, दगडाभोवती उभी राहिली आणि तिच्या वाटचा विश्वासांगीकार त्यांनी म्हटला. मास्तरांनी कसब्यात घडलेलं पाळकांना सांगितलं. पाळकांनी तिला आणखी काही विचारलं नाही. त्यांनी ताट उचललं, सगळ्यांच्या आधी दगडाकडं गेले, आणि त्या अधू गुडघ्यांवर तिच्यासमोर टेकले. "तुझ्यासाठी," म्हणाले.

इथं लोकांना चमत्कार हवा असतो. दगडाला पाझर फुटला म्हणे, बाई धाय मोकलून रडली म्हणे. साठ वर्षं मी या दगडाला हात लावतोय, कोरडा आहे. आजी दोन हातांवर उभी होती. तबिथानं तोंड उघडलं, खाल्लं, पदरानं ओठ पुसले आणि घरी जाऊन शेळी बांधली. पुढं सत्तावीस वर्षं ती जगली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही, आणि तिचा एकही रविवार चुकला नाही.

आजही ज्याच्यावर घाला पडतो तो या दगडावर येऊन बसतो. बाकीच्यांनी त्याच्या वाटचा विश्वासांगीकार म्हणायचा, त्यानं गप्प राहायचं. आता बरं वाटतंय का, असं त्याला कुणी विचारायचं नाही. किती दिवस बसायचं त्याला मुदत नाही. बसून बसून मधे हा खळगा पडलाय, हात फिरवून बघा.

मघाशी पर्स ठेवू नका म्हटलं ते त्यामुळं. सध्या ती माझी जागा आहे. माझी थोरली लेक, सुवार्ता, पोळ्याच्या आठवड्यात गेली. येत्या पोळ्याला तीन वर्षं होतील. मला अजून काही वाटत नाही. आमचे पाळकसाहेब माझ्या नातवाच्या वयाचे. एरवी मला काका म्हणतात, अहो-जाहो करतात. पण प्रभुभोजनाच्या रविवारी ताट घेऊन सगळ्यांच्या आधी माझ्याकडं येतात, वाकतात आणि म्हणतात, तुझ्यासाठी. मी तोंड उघडतो.