दहाच्या दहा चूक

“मग नाव कमी करू ना तिचं, गुरुजी?”

सुलक्षणाबाईंनी ओटीवर टेकायच्या आतच विचारलं. शाळेतल्या हुशार पोरांसाठी शनिवारचा खास वर्ग त्यांनीच काढलेला. कोडी, प्रयोग, अवघड गणितं, सगळं कसं आखून-रेखून! तालुकाभर बोलबाला झाला होता, आणि बाईंची मानही जरा ताठच झाली होती.

रंगनाथ गुरुजी पावटे सोलत बसले होते. बाईंना लहानपणी पाढे शिकवले ते त्यांनीच.

“कुणाचं नाव?”

“तिसरीतल्या मृण्मयीचं. जूनमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. आणि आता हे बघा... दहाच्या दहा चूक! तिच्या जागी दुसरं मूल घेते.”

वही त्यांनी जवळजवळ आपटलीच. आतून मात्र वाईट वाटत होतं. पोरगी गुणाची होती हो!

गुरुजींनी हात पुसून वही मांडीवर घेतली.

“पहिलं गणित कितीनं चुकलंय?”

“एकानं.”

“दुसरं?”

“दोनानं.”

“तिसरं?”

“तीन...”

बाई थबकल्या. मग त्यांचं बोट भराभर खाली सरकलं. चार. पाच. सहा. शेवटचं गणित थेट दहानं चुकलेलं!

“अगं बाई! मुद्दाम?”

गुरुजी गालातल्या गालात हसले.

“जूनमध्ये गणितं लवकर संपवायची, तेव्हा काय द्यायचीस तिला?”

“आणखी दहा गणितं.”

“आणि तीही संपली की?”

“आणखी वीस...”

बाईंना लाज वाटली, चांगलीच वाटली. एवढीशी पोर कंटाळून चुकांचंच कोडं रचत बसली होती, आणि आपण तिलाच वर्गाबाहेर काढायला निघालो होतो.

“मग आता तिला देऊ तरी काय, गुरुजी?”

गुरुजींनी वही मिटून त्यांच्या हातात ठेवली.

“नाव राहू दे तिचं. शनिवारी फळ्यावर तू मुद्दाम चूक कर. तिला पकडू दे.”

“मी?” बाई एकदम ताठ झाल्या. “चौदा वर्षं झाली शिकवतेय, गुरुजी. फळ्यावर माझी एकदाही चूक झालेली नाही!”

गुरुजींनी पावट्याची पुढची शेंग उचलली.

“म्हणून तर तिला चुकावं लागलं.”