स्वच्छ पाटीवरची धूळ

एकदा एक वृद्ध पंच होते. वृद्ध म्हणजे त्या वेळी मला तसे वाटले होते; आज हिशेब केला, तर ते माझ्या आत्ताच्या वयापेक्षा चौदा वर्षांनी लहान भरतात. ज्याच्या स्मरणाने पहिल्याच वाक्यात असा दगा दिला, त्याने पुढे काही सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. स्पर्धेत सहा देश होते की सात, हेही मला खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून देशांची नावेच गाळतो. मात्र जे घडले ते मी मैदानाच्या कडेला, गुणलेखनाच्या टेबलाशी बसून पाहिले. टेबल नक्की होते; त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली घालायची कागदाची घडी मीच केली होती.

बेसबॉलची ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा आमच्या जिल्ह्याच्या गावी कशी आली, हे कोडेच होते. गाव क्रिकेटचे. लोक सहकुटुंब आले, पण डोळे क्रिकेटचेच घेऊन आले. चेंडू फलंदाजाच्या पायाला लागला, की तीन हजार माणसे एका सुरात पायचीतचे अपील करत. मग पंच त्या फलंदाजाला बाद करण्याऐवजी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, फुकट पाठवी, आणि लोक म्हणत, "घ्या! लागलं त्यालाच बक्षीस!"

या खेळात फलंदाजाच्या पुढ्यात पाच कोनांची पांढरी रबरी पाटी जमिनीत पुरलेली असते. पाटीमागे चेंडू झेलणारा कॅचर उकिडवा बसतो, आणि कॅचरच्या पाठीशी वाकून मुख्य पंच उभा राहतो. चेंडू पाटीवरून गेला की नाही, हे त्याने ठरवायचे. पाटीवर धूळ बसली, तर खेळ थांबवून ती ब्रशने झाडणे हेही त्याचेच काम.

आमचे वृद्ध पंच म्हणजे नलावडे सर, निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यांच्या खिशात रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश असे, दांडा कापून आखूड केलेला. वयाच्या नियमाप्रमाणे ही त्यांची शेवटची स्पर्धा होती. अंतिम सामन्यात पाटीमागे उभे राहावे आणि मग ब्रश ठेवून द्यावा, एवढीच त्यांची इच्छा, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांचा शिष्य सुमेध सव्वीस वर्षांचा, तोही पंच. नियमपुस्तक त्याला मुखोद्गत होते. कलम विचारले तर तो पानाचा आकडाही सांगे, आणि विचारले नाही तरी सांगे.

मैदानावर दिवे नव्हते. पहिल्याच दिवशी तिसरा सामना अंधारामुळे अर्धवट राहिला आणि दोन देशांनी लेखी तक्रार केली. स्पर्धेचे सचिव देसले घाबरले. त्यांनी सुमेधला बाजूला घेतले.

"घड्याळ आहे ना तुझ्याकडे? कोणता पंच किती वेळ खातो ते लिहून काढ. जो सगळ्यात जास्त खाईल, तो फायनलला पाटीमागे नको."

"मग कोण, साहेब?"

"तू आहेस की! लग्नाला नवरा कमी पडतोय का?"

सुमेधने तक्ता आखला. किती वाजता, किती सेकंद, कारण. शिवाय एक दुर्बीण मिळवली. ती कुणाची, हे आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नलावडे सर पाटीमागे होते. तिसऱ्या डावात फलंदाजाच्या बॅटची कड घेऊन चेंडू सुसाट मागे आला आणि कॅचरच्या खांद्यावर आदळला. कॅचर जागच्या जागी वाकला, पण उठला नाही आणि ओरडलाही नाही. सरांनी हात वर करून खेळ थांबवला. मला वाटले, डॉक्टरांना बोलावतील. ते शांतपणे पुढे आले, चेंडू टाकणाऱ्या पिचरकडे पाठ केली, कमरेत वाकले आणि पाटी झाडू लागले. पाचही कोन, एकेक करून. मग मधला भाग. मग पुन्हा पहिला कोन.

लोकांना तेवढेच हवे होते.

"ओ सर, झाडून झालं असेल तर फडकं पण मारा!"

"घरी पाहुणे यायचेत का?"

"आमच्याकडे पण या हो, दिवाळी तोंडावर आली!"

ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकालाही राहवेना. तो म्हणाला, "पंच महोदय स्वच्छता मोहिमेवर आहेत, प्रेक्षकांनी सहकार्य करावे." हशा पिकला. सर ढिम्म. चाळीस सेकंदांनी ब्रश खिशात गेला आणि खेळ सुरू झाला. त्या सामन्यात असे अकरा वेळा झाले. सुमेधने अकराही वेळा दुर्बिणीतून पाहिले आणि तक्त्यात सेकंद लिहिले. कारणाचा रकाना कोरा ठेवला. बेरीज सहा मिनिटे चाळीस सेकंद. इतर कोणत्याही पंचाचा वेळ दीड मिनिटावर गेला नव्हता.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने विचारले, "सर, पाटी एवढ्या वेळा का झाडलीत?"

"धूळ होती."

"नव्हती, सर. मी दुर्बिणीतून पाहिलं. पाटी पांढरीशुभ्र होती."

"असेल."

"मग कारण काय लिहू?"

"तुला दिसेल ते लिही," सर म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "कोरं ठेवलंस तरी माझी हरकत नाही."

सुमेधचा चेहरा पडला. तो लबाड मुलगा नव्हता. गुरूची चूक आपल्याच हातून लिहिली जायची आणि तिचा लाभही आपल्यालाच व्हायचा, हे त्याला बोचत होते. पण चूक ती चूकच, असे त्याने मला टेबलाशी येऊन दोनदा सांगितले. काय बोलावे, हे मला सहसा दुसऱ्या दिवशी सुचते.

तिसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात सुमेध स्वतः पाटीमागे होता, आणि सर पहिल्या बेसपाशी. एका बेटावरच्या देशाचा संघ खेळत होता. त्यांचा कॅचर आडवा, ठेंगणा गडी. पाचव्या डावात चेंडू त्याच्या उघड्या अंगठ्यावर बसला. त्याने अंगठा काखेत दाबला आणि मान वळवून सुमेधकडे पाहिले. सुमेधने पाटीकडे पाहिले. पाटी स्वच्छ होती.

"प्ले!" सुमेध म्हणाला.

पुढचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला आणि प्रतिस्पर्ध्यांची एक धाव झाली. पहिल्या बेसपाशी नलावडे सर उगाच बुटाने माती उकरत होते.

सातव्या डावात पुन्हा बॅटची कड लागली. या वेळी चेंडू कॅचरला चुकवून थेट सुमेधला लागला. कुठे लागला, ते सभ्य भाषेत सांगायचे तर, जिथे कवच संपते आणि नियमपुस्तक गप्प बसते, तिथे. तीन हजार पुरुष, स्त्रिया व मुले यांना ते तत्क्षणी समजले. "आई गं!" असा एकच उद्गार उठला, आणि त्यामागून हसू फुटणार, हे मला टेबलाशी बसून कळत होते. सुमेधचे तोंड उघडे होते, पण आवाज नव्हता. गुडघे वाकत चालले होते. आंतरराष्ट्रीय सामन्याचा मुख्य पंच आणखी पाच सेकंदांत मातीत लोळणार होता.

तेवढ्यात कॅचर उठला. त्याने हात वर करून वेळ मागितला. सुमेधला बोलता येईना, म्हणून पहिल्या बेसवरून नलावडे सरांनीच तो दिला. कॅचरने आधी आपल्या बुटाची नाडी सोडली आणि बांधली. मग तो रमतगमत, देवदर्शनाला निघाल्यासारखा पिचरकडे चालू लागला. पिचरकडे जाण्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, आणि त्यांच्या संघाची ती शेवटची फेरी होती. दोघे हातमोजे तोंडाशी धरून बोलू लागले. सगळे मैदान तिकडे वळले. "काहीतरी शिजतंय!" कोणीतरी ओरडले. निवेदक म्हणाला, "गहन विचारविनिमय चालू आहे." सुमेधकडे कोणी पाहत नव्हते. तो गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होता. दीड मिनिटाने कॅचर परतला आणि त्याच्याकडे न पाहता जागेवर बसला.

"प्ले," सुमेध म्हणाला. आवाज थोडा बारीक आला, पण आला.

बेटाचा संघ तो सामना एका धावेने हरला.

सामन्यानंतर सुमेध सरांसमोर जाऊन उभा राहिला. बसणे त्याला अजून जमत नव्हते.

"सर, त्याला मी काल... नाही, आजच. पाचव्या डावात. त्याचा अंगठा..."

"पाहिलं मी."

"तो वेळ त्याला पाटी झाडून द्यायचा असतो. हे पुस्तकात का नाही?"

सर म्हणाले, "अरे, पुस्तकात आलं तर सगळ्यांनाच कळेल. नीट ऐक. लागतं तेव्हा माणसाला दर वेळी डॉक्टर नको असतो. डॉक्टर आला, की समोरच्या संघाला कळतं हा दुखावलाय, आणि मग ते त्याच्या दुखऱ्या हाताचा फायदा घेतात. त्याला फक्त अर्धं मिनिट हवं असतं, कोणी पाहत नाही असं. आता तीन हजार माणसांना 'पाहू नका' म्हणून सांगता येतं का? म्हणून त्यांना दुसरं काहीतरी दाखवायचं. माझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? हे एवढं बूड. मी वाकतो, लोक हसतात, तोवर तो डोळे पुसून घेतो. पंच उभा राहू शकत नाही तेव्हा कॅचर तेच करतो. कोणी शिकवत नाही. ज्याला लागलेलं असतं, त्याला येतं."

सुमेधने तक्ता काढला. सेकंदांचा एकही आकडा त्याने बदलला नाही. कारणाच्या रकान्यात अकरा वेळा लिहिले : धूळ. त्याच्या आयुष्यातले ते पहिले खोटे असावे. अक्षर फार सुवाच्य आले होते.

देसल्यांनी तक्ता वाचला आणि ते भडकले, पण पंचांवर नव्हे. "अकरा वेळा धूळ? परदेशी पाहुण्यांसमोर? टँकर मागवा!" त्यांनी मैदानावर इतके पाणी मारले, की अंतिम सामना चिखलामुळे सव्वा तास उशिरा सुरू झाला. पाटीमागे नलावडे सर उभे राहिले. त्या दिवशी त्यांना ती खरोखरच दर पाच मिनिटांनी साफ करावी लागली, आणि शेवटी ब्रश टाकून त्यांनी रुमाल काढला. लोक पोट धरून हसत होते. सुमेध पहिल्या बेसपाशी उभा होता. त्याच्या हातात घड्याळ नव्हते.

यावरून कोणी काय घ्यावे, हे मी सांगू धजत नाही. उलट पुष्कळ वर्षे मला एक शंका छळत होती. कॅचर खरोखर सुमेधसाठी उठला होता, की पुढचा चेंडू कसा टाकावा हे ठरवायला गेला होता आणि चांगुलपणाचा अर्थ सरांनी मागाहून लावला होता? सर आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही. अखेर बारा वर्षांनी एका परिसंवादात त्या संघाबरोबर आलेला दुभाषी भेटला, आणि मी त्याच्यामार्फत कॅचरला पत्र घातले. चार ओळींचे उत्तर आले. पिचरच्या लग्नाला कॅचर गेला नव्हता, म्हणून घरून निघाल्यापासून दोघांत अबोला होता. खुणा तेवढ्या करायचे. त्या दीड मिनिटातही ते एक शब्द बोलले नाहीत. हातमोजे तोंडाशी धरून दोघांनी नुसते ओठ हलवले होते.